मानेवाडा रोडवरची तीन मजली दुकानांची इमारत: मालक २ कोटी ४० लाख मागतात, खरी किंमत कशी काढायची?

मेडिकलवाला_मानेवाडा

नमस्कार. नागपुरात मानेवाडा रोडला लागून असलेल्या एका ले-आऊटमध्ये माझं औषधीचं दुकान आहे, चौदा वर्षांपासून, भाड्याने. ज्या इमारतीत दुकान आहे तीच आता मालक विकायला काढून राहिले. त्यांची दोन्ही मुलं पुण्याला, इथे पाहणारं कोणी नाही. पहिला निरोप मलाच दिला, हे त्यांचं चांगलंच. पण भाव ऐकून झोप उडाली. २ कोटी ४० लाख, आणि त्यातले ६० लाख रोख पाहिजेत म्हणतात.

इमारत अशी आहे. प्लॉट ३० बाय ६०, म्हणजे १८०० चौरस फूट, आर.एल.चा (नागपूर सुधार प्रन्यासने, म्हणजे नासुप्रने, नियमित केलेला). बांधकाम १९९८ चं. तळमजल्यावर चार गाळे, पहिल्या मजल्यावर ट्यूशन क्लासेस, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एक कुटुंब भाड्याने, आणि त्याच्या वर टिनाचं शेड. मी टेपने मोजलं तर तिन्ही मजले मिळून ३००० चौरस फूट भरलं.

दलालाने एक कागद दिला. त्यावर महिन्याचं भाडं ९१ हजार लिहिलं आहे: माझं १६, मोबाईल रिपेअरिंगवाल्याचं १२, टेलरचं १५, कोपऱ्यावरच्या गाळ्याचं १७, क्लासेसचं २४ आणि वरच्या कुटुंबाचं ७. पण मी त्याच इमारतीत बसतो ना! टेलरकाका १९९९ पासून आहेत आणि १८०० रुपये देतात, पावतीवर, करार काहीच नाही. त्यांना काढलं तर १५ येतील, असं दलालाचं गणित. कोपऱ्यावरच्या गाळ्यात एटीएम होतं, ते बंद होऊन आठ महिने झाले, शटर पडलेलं आहे. म्हणजे आज खरे हातात येतात ६० हजार ८००.

बँकेत विचारलं. ८० लाखांचं कर्ज, १५ वर्षं, १० टक्के धरले तर हप्ता ८६ हजारांच्या आसपास जातो. माझं स्वतःचं भाडं सोडलं तर बाकीच्यांकडून येणार ४४ हजार ८००. बायकोने कागदावर हे दोन आकडे एकाखाली एक लिहिले आणि माझ्यासमोर ठेवले. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीत.

पण सोडवतही नाही. मेडिकलचं लायसन्स जागेवर असतं. दुसरीकडे गेलो तर अन्न व औषध प्रशासनाकडे नव्या जागेचा अर्ज, तपासणी, सगळं पहिल्यापासून. बीपी-शुगरचे माझे तीनशे तरी कायमचे गिऱ्हाईक आहेत, त्यातले अर्धे म्हातारे, पायी येणारे. दुसऱ्या कोणी इमारत घेतली आणि मला उठवलं तर ते माझ्यामागे चौकापलीकडे येतील का, हा माझा रात्रीचा प्रश्न आहे.

मी आतापर्यंत केलेलं सांगतो. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोन (नोंदवलेल्या खरेदी-विक्रीचा उतारा) शोधून आमच्या रस्त्याचे तीन व्यवहार काढले. एक कोपऱ्याचा प्लॉट ८६०० रुपये फुटाने गेला, एक आतल्या गल्लीतला ६२०० ने, आणि आमच्याच रस्त्यावरचं जुनं घर प्लॉटसकट गेलं, ते जमिनीवर धरलं तर ७४०० पडतं. दस्तलेखकाने रेडी रेकनरवरून इमारतीचं सरकारी मूल्य १ कोटी ४८ लाख काढून दिलं. मालकाकडचा मंजूर नकाशा नासुप्रचा आहे, तळमजला अधिक एक, राहण्यासाठी, एकूण १७२० फूट. दुसरा मजला नकाशात नाहीच.

आता यातून किंमत कशी काढू? कोणी केलं असेल तर खरं सांगा. मला भीती वाटते ती दोन्हीकडून आहे, जास्त देऊन बसण्याची आणि हातची सोडण्याची.

---

वर्धमाननगर_ट्रेडर्स

भाऊ, रेकनरची किंमत १.४८ आहे तर बाजारभाव त्याच्या दीडपट धरा, सव्वादोन कोटी होतात. मालक फार जास्त मागत नाही. आमच्याकडे तर यापेक्षा वर चालू आहे.

---

निवृत्त_अभियंता_त्रिमूर्तीनगर

वर्धमाननगरच्या भाऊंचा मान ठेवून सांगतो, रेकनरला दीडने गुणणं ही किंमत काढण्याची रीत नाही. रेकनर हा मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी सरकारने ठरवलेला दर आहे. एका मूल्यविभागात मोक्याचा कोपरा आणि मागची अंधारी गल्ली, दोघांना तो बहुधा एकच दर लावतो. काही ठिकाणी बाजार त्याच्या दुप्पट आहे, काही ठिकाणी त्याच्या खाली. शुल्क किती लागेल यासाठी तो पाहा, मालकाला काय द्यायचं यासाठी नाही.

मी चौतीस वर्षं बांधकामात काढली आणि निवृत्तीनंतर अकरा वर्षं बँकांसाठी मूल्यांकनाचे अहवाल लिहिले. मेडिकलवाले भाऊ, तुमचं अर्धं काम तुम्ही स्वतःच केलेलं आहे. आता मी तुमच्याच आकड्यांवर बसून हिशेब करतो, सोबत एक कागद घ्या.

आधी जमीन आणि बांधकाम. कोपऱ्याच्या प्लॉटला दोन बाजूंनी रस्ता, तो तुमच्याशी जुळत नाही. गल्लीतला खालचा. तुमच्या रस्त्यावरचा ७४०० चा व्यवहार सगळ्यात जवळचा, म्हणून मी ७५०० धरतो. १८०० फुटांचे १ कोटी ३५ लाख. पण प्लॉट कागदावर १८०० आहे म्हणून जागेवर १८०० असेलच असं नाही; समोरची बाजू रस्त्यात गेली आहे का ते टेपने पाहा, आणि मोजणीची नक्कल मागा.

बांधकामाला फक्त मंजूर नकाशातले १७२० फूट धरा. असं नवीन बांधायला आज फुटाला १९०० रुपये लागतील असं मानू, म्हणजे ३२ लाख ६८ हजार. आरसीसी इमारतीचं आयुष्य आम्ही साठ वर्षं धरतो आणि शेवटी दहा टक्के भंगार-मोल. म्हणजे दरवर्षी दीड टक्का घट. तुमची इमारत सत्तावीस वर्षांची, साडेचाळीस टक्के गेले. उरले साधारण १९ लाख ४४ हजार. दोन्ही मिळून १ कोटी ५४ लाख.

दुसरा मजला आणि शेड यांचे पैसे मी शून्य धरले, हे तुम्हाला खटकेल. वापर होतो, भाडं येतं, मग शून्य का? कारण उद्या नोटीस आली तर तो मजला वाचवण्याचा खर्च तुमचा, पाडण्याचाही तुमचा. आणि बँकेचा माणूस येईल तोसुद्धा तेवढाच धरेल जेवढं नकाशात आहे. मालक ज्या गोष्टीचा कागद देऊ शकत नाही तिचे पैसे त्याला देऊ नयेत, एवढं मी इतक्या वर्षांत शिकलो आणि त्यावर मी ठाम आहे.

आता भाड्याची वाट. दुकानांच्या इमारतीत हीच मुख्य, कारण घेणारा भिंती घेत नाही, उत्पन्न घेतो. दलालाचा ९१ हजारांचा कागद बाजूला ठेवा. मालकाच्या बँक पासबुकाची दोन वर्षांची पानं मागा आणि भाडं जमा झालेलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. आजचे ६० हजार ८००. रिकाम्या गाळ्याला एटीएमचं १७ हजार विसरा. एटीएमवाले मोक्याच्या कोपऱ्याला जे देत होते ते किराणा किंवा झेरॉक्सवाला देत नाही. १३ हजार धरा. झाले ७३ हजार ८००, वर्षाचे ८ लाख ८५ हजार ६००. बारा महिन्यांतला एक महिना रिकामं राहणं आणि उशीर यात जातो असं धरून ८ लाख ११ हजार ८०० उरतात.

यातून खर्च वजा. मालमत्ता कर आज किती भरतात ते सांगितलं नाही तुम्ही, पण नकाशा राहण्याचा आहे म्हणजे आकारणीही राहण्याची असण्याचीच शक्यता जास्त. व्यापारी वापराची फेरआकारणी झाली की तो वाढतो. मी ७० हजार धरतो. दुरुस्ती ६०, मोटार-दिवे-सफाई ३०, विमा ८. एकूण १ लाख ६८ हजार. निव्वळ उरतात ६ लाख ४३ हजार ८००.

आता या निव्वळ उत्पन्नाला कोणत्या टक्क्याने भागायचं, म्हणजे किमतीवर वर्षाला किती टक्के परतावा धरायचा, सगळा खेळ तिथे आहे. ४ टक्के धरले तर १ कोटी ६१ लाख, ६ टक्के धरले तर १ कोटी ७ लाख. एका टक्क्यात माणूस कित्येक वर्षांची कमाई हरतो. हा टक्का पुस्तकातून उचलू नका. तुमच्या भागात नुकतीच विकलेली, भाडेकरू असलेली इमारत शोधा, तिचं निव्वळ भाडं काढा आणि विक्रीच्या किमतीने भागा. मी खामल्याकडे अशी एक पाहिली होती, निव्वळ ७ लाख ८० हजार, विकली १ कोटी ६० ला, म्हणजे ४.९ टक्के. तिच्यात सगळे भाडेकरू नोंदणी केलेल्या करारावर होते. तुमच्याकडे तसं नाही, म्हणून ५ पेक्षा खाली मी जाणार नाही. ५ टक्क्याने येतात १ कोटी २८ लाख ७६ हजार.

आणि लगेच करावा लागणारा खर्च यातून वजा करा. गच्चीची गळती, टॉयलेट, वायरिंग. पायऱ्यांखालच्या कॉलमला पोपडे सुटून सळई दिसते का ते टॉर्च लावून पाहा. इमारत तीस वर्षांची झाली की महापालिकेच्या कायद्याप्रमाणे संरचना स्थैर्याचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे तीन वर्षांत तो खर्च तुमच्याच अंगावर येणार. घेण्याआधीच स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या. मी अंदाजाने ६ लाख धरतो. भाड्याच्या वाटेने १ कोटी २३ लाख राहिले.

जमिनीच्या वाटेने आलेल्या १ कोटी ५४ मधूनही ६ लाख जातील. शिवाय टेलरकाकांचा गाळा रिकामा मिळणार नाही, म्हणजे प्लॉट मोकळा मिळत नाही. त्यासाठी मी १८ लाख कमी करेन. १ कोटी ३० लाख. बघा, दोन वेगळ्या वाटांनी निघालो आणि १.२३ ते १.३० मध्ये येऊन पोहोचलो. असं जवळ येऊन भेटलं की मला बरं वाटतं. पन्नास लाखांचं अंतर राहिलं असतं तर मी म्हटलं असतं, कुठेतरी आपण चुकतो आहोत.

काही लोक म्हणतील, पाडून नवीन बांधू, रस्ता रुंद आहे, एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं ते प्रमाण) जास्त मिळेल. २०२० च्या एकत्रीकृत नियमावलीत रस्त्याच्या रुंदीप्रमाणे प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारा जादा) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरचा विकत घेतलेला बांधकाम-हक्क) मिळतो, हे खरं. पण ३० बाय ६० च्या प्लॉटवर समोर-बाजूला सोडायची जागा आणि दुकानांची पार्किंग काढली की तो एफएसआय वापरायला जागाच उरत नाही. आर्किटेक्टला कच्चं रेखाटन काढायला लावा, मगच त्या स्वप्नाचे पैसे द्या.

अजून एक, आणि हे नागपूरचं आहे. तुमच्या समोर सिमेंट रोड झाला का? अनेक ठिकाणी रस्ता वर आला आणि जुन्या दुकानांचे ओटे खाली गेले. जुलैमध्ये धो-धो पाऊस पडत असताना, रात्री, छत्री घेऊन तिथे उभे राहा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत, दुकानांत, बेसमेंटमध्ये पाणी शिरलं, तेव्हा लोकांना कळलं की उताराचा अर्थ काय असतो. तुमचा भाग वेगळा, पण पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे शेजारच्या जुन्या माणसाला विचारल्याशिवाय बयाणा देऊ नका.

---

ताई_गोकुळपेठ

अभियंताकाकांनी सगळं नीट मांडलं आहे. मी फक्त भाडेकरूंबद्दल सांगते, कारण ते मी भोगलं आहे.

आमच्या सासऱ्यांनी एका जुन्या बाजारपेठेत दोन मजली दुकानं घेतली होती. विकणाऱ्याने सांगितलं, "दोघे जुने आहेत, पण चांगले आहेत, सांगितलं की उठतील." बावीस वर्षं झाली. एक उठला, तोही पैसे घेऊन. दुसऱ्याचा मुलगा आता धंदा चालवतो. कोर्टात माझ्या यजमानांच्या आयुष्यातले इतके दिवस गेले की मी मोजणं सोडलं. आज त्या गाळ्याचं भाडं जेवढं येतं त्यात महिन्याचा सिलेंडरही येत नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. जुन्या भाडेकरूचं भाडं तुम्ही वर्षाला चार टक्क्यांनी वाढवू शकता, मनात येईल तसं नाही. तुमचे टेलरकाका १९९९ चे, म्हणजे त्याच्याही आधीचे. १८०० चे चार टक्के ७२ रुपये होतात, हे लक्षात ठेवा. आणि घरातलं माणूस दुकानात सोबत काम करत असेल तर त्यांच्यामागे भाडेकरूचा हक्क त्याच्याकडे जाऊ शकतो. म्हणून "काढलं तर १५ हजार" हे दलालाचं वाक्य मनातून पुसून टाका. ते जन्मभर तिथेच राहतील असं समजून किंमत लावा.

बाकीच्यांचे करार नोंदवलेले आहेत का? याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदवलेला असावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची. नसेल तर अटींबद्दल वाद झाल्यावर भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य धरलं जातं, मालकाला ते खोटं ठरवावं लागतं. तुम्ही स्वतःच चौदा वर्षं तिथे आहात, तुमचा करार नोंदवलेला आहे का? नसेल तर आज भाडेकरू म्हणून ती तुमची बाजू आहे, उद्या मालक झालात की तीच दुसऱ्यांच्या हातात.

डिपॉझिट विचारा. क्लासेसवाल्याने मालकाकडे दोन-तीन लाख ठेवले असतील तर ते विक्रीच्या वेळी किमतीतून कापून तुमच्याकडे आले पाहिजेत, नाहीतर तो रिकामं करताना ते तुम्ही देणार.

आणि प्लॉट मालकांच्या स्वतःच्या नावे आहे की वडिलांच्या? आखीव पत्रिकेवर (प्लॉटच्या मालकीच्या सरकारी नोंदीवर) कोणाकोणाची नावं आहेत? मालकांच्या बहिणी असतील तर त्यांचं हक्कसोडपत्र आहे का? मुलींचा वाटा कागदावर विसरला जातो, पण कायद्यात विसरला जात नाही. मी स्वतः तीन भावांची बहीण आहे म्हणून हे मुद्दाम लिहिते. वकिलाकडून मालकीच्या कागदांचा तीस वर्षांचा सर्च आणि वर्तमानपत्रात जाहीर सूचना, हे दोन्ही झाल्याशिवाय एक रुपया नको.

---

सीए_धंतोली

करांपुरतं बोलतो, पण यात एक गोष्ट अशी आहे जी तुमची किंमतच बदलेल.

आधी ते ६० लाख रोख. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्याला होऊ शकतो. तुमच्यासाठी त्याहून वाईट म्हणजे ते ६० लाख उद्या तुम्ही विकायला गेलात की तुमच्या खरेदी किमतीत दिसणारच नाहीत, त्यांच्यावरही नफा म्हणून कर भराल. स्पष्ट नाही म्हणा.

आता मुख्य. सरकारी मूल्य १.४८ कोटी आहे. तुम्ही करारातली किंमत त्याहून इतकी कमी लावली की फरक दहा टक्क्यांच्या पुढे गेला, तर तो सगळा फरक घेणाऱ्याचं उत्पन्न समजला जातो. दहा टक्के हे करारातल्या किमतीचे मोजायचे. १.३० वर दहा टक्के म्हणजे १.४३, सरकारी मूल्य त्याच्या वर. म्हणजे १८ लाख तुमच्या उत्पन्नात जमा होतील आणि तुम्ही तीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर साडेपाच लाखांच्या वर कर लागेल. १.३५ वर दहा टक्के म्हणजे १.४८५. सरकारी मूल्य आत बसतं, कर शून्य. म्हणून १.३० पेक्षा १.३५ ला घेणं तुम्हाला थोडं स्वस्तच पडेल. विकणाऱ्यालाही भांडवली नफा मोजताना हीच दहा टक्क्यांची मर्यादा लागू आहे, त्यामुळे हा मुद्दा त्यांच्या सीएला पटेल.

पण १.४८ हा आकडाही एकदा तपासून घ्या. दस्तलेखकाने बांधकाम किती फूट आणि किती वर्षं जुनं धरलं ते विचारा, घसारा धरला की नाही ते विचारा. शंका असेल तर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी अर्ज करून मूल्य ठरवून घेता येतं.

बाकी खर्च: नोंदणी फी एक टक्का पण जास्तीत जास्त ३० हजार, आणि मुद्रांक शुल्क मेट्रोच्या अधिभारासह. ते करारातली किंमत आणि सरकारी मूल्य यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतं. म्हणून १.३५ ला घेतलं तरी १.४८ वर भराल, दहा लाखांच्या घरात धरून चाला. बायकोच्या नावे घेतलं तर एक टक्का वाचतो हे ऐकलं असेल, ती सवलत निवासी मालमत्तेला आहे, दुकानांना नाही. किंमत ५० लाखांच्या वर म्हणून एक टक्का टीडीएस कापून मालकाच्या पॅनवर भरायचा, हे विसरू नका, ती जबाबदारी तुमची.

---

मेडिकलवाला_मानेवाडा

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहून राहिलो कारण तुम्ही सांगितलेलं एकेक करत होतो.

पासबुक दाखवायला मालक आधी नाराज झाले, मग दाखवलं. क्लासेसवाला मागच्या दोन वर्षांत पाच महिने २४ ऐवजी १८ देत होता. आणि त्याबद्दल मला आणखी एक काळजी लागली. वर जायला जिना एकच, अडीच फुटांचा, त्यातही खाली माझे खोके असतात. २४ मे २०१९ ला सुरतला क्लासमध्ये आग लागून बावीस मुलं गेली. मी रोज संध्याकाळी साठ-सत्तर पोरं त्या जिन्यावरून उतरताना पाहतो आणि ते आठवतं. खोके त्याच दिवशी हलवले. अग्निशमनची कागदपत्रं विचारली तर मालकांकडे काहीच नाही. आज मालक दुसरे आहेत. उद्या मी असेन. म्हणजे एकतर दुसरा जिना काढायचा किंवा क्लासेसचे २४ हजार गेले असं समजून चालायचं. अभियंताकाका, हे तुमच्या हिशेबात कसं धरू?

मालमत्ता कराची पावती तुम्ही म्हणाला तशीच निघाली, राहण्याची आकारणी. आखीव पत्रिकेवर मालकांसोबत दोन बहिणींची नावं आहेत. एक अमरावतीला असतात, एक इथेच नंदनवनला. मालक म्हणतात दोघी सही देतील. ताई, तुमचं वाक्य मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं, ते थोडा वेळ गप्प बसले.

रोखीला नाही म्हटलं. १.३५ चा आकडा ठेवला आणि सीएसाहेबांनी लिहिलेलं कागदावर मांडून दाखवलं. मालक २.४० वरून १.८५ वर आले. पुण्याच्या मोठ्या मुलाशी बोलून सांगतो म्हणाले.

---

निवृत्त_अभियंता_त्रिमूर्तीनगर

क्लासेसचं असं करा. त्या मजल्यावर ऑफिस किंवा औषधांचं गोडाऊन असं कमी वर्दळीचं काही आलं तर किती भाडं मिळेल ते आजूबाजूला विचारा. १५ हजार मिळाले तर महिन्याला ९ हजारांची घट, वर्षाला १ लाख ८ हजार, पाच टक्क्याने २१ लाखांच्या वर. किंवा मागच्या बाजूने लोखंडी जिना बसत असेल तर त्याचा खर्च काढा, बाजूची जागा सोडलेली आहे का पाहून. दोन्हीतला कमी आकडा किमतीतून वजा होतो. मागून जिना बसत असेल तर मी १.३५ वर राहीन. बसत नसेल तर नाही.

आणि तुमचं लायसन्स, गिऱ्हाईक, म्हातारी माणसं, त्यांची किंमत आहे, ती मी नाकारत नाही. दुकान हलवायला, नवीन फर्निचर, फ्रिज, दोन-चार महिन्यांचा तुटवडा, याचे तुम्ही पाच-सहा लाख धराल. तेवढे वर देणं चुकीचं नाही. पण ते तुमच्या मनात वेगळ्या रकान्यात ठेवा, इमारतीच्या किमतीत मिसळू नका. मालकाला ते कळलं तर तो त्याच रकान्यावर बोट ठेवेल.

---

मेडिकलवाला_मानेवाडा

मागच्या बाजूला साडेचार फूट जागा आहे, आज मोजली. फॅब्रिकेशनवाल्याने लोखंडी जिन्याचे ३ लाख २० हजार सांगितले, परवानगीचं आर्किटेक्टला विचारून राहिलो. मालकांच्या मुलाचा फोन आला, १.५० म्हणाला. मी १.३५ वरच आहे, जिन्याचा कागद त्याला पाठवला.

टेलरकाकांशी बोललो. घाबरले होते, वाटलं मी उठवायला आलो. मी म्हटलं काका, तुम्ही राहा, पण कागद करू. ते स्वतःहून म्हणाले, नोंदवलेला करार देत असाल तर मी महिन्याला ३ हजार देतो, इतक्या वर्षांत कोणी कागद दिला नाही. मालकांना अट टाकली आहे की हा करार त्यांनीच विक्रीच्या आधी नोंदवून द्यायचा. वर्षाला १४ हजार ४०० जास्त येतील. अभियंताकाका, तुमच्या पाच टक्क्याने ते २ लाख ८८ हजार होतात, तेवढे मी मालकाला द्यायला तयार आहे.

दोन्ही बहिणींना रविवारी घरी चहाला बोलावलं आहे. वकीलही येत आहेत.